पाणी नको, बिरागो

फ्रेमा ही सोमवारची बाई. दर सोमवारी सकाळी ती कुमासी शहरातल्या केजेतिया बाजाराच्या कापडगल्लीत घडीची खुर्ची आणि बीपीचं यंत्र घेऊन यायची, एकेका दुकानदारणीच्या दंडाला पट्टा गुंडाळायची, वहीत आकडा लिहायची आणि तिच्यावर रागवायची. तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई, रागवण्याचा तिला हक्कच होता. त्यामुळे गुरुवारी ती गल्लीच्या तोंडाशी दिसली तेव्हा बिरागोला हसू आलं.

"काय गं, वार विसरलीस? म्हातारी झालीस हो आता."

"इकडूनच चालले होते," फ्रेमा म्हणाली. "म्हटलं, बघून जावं. हात दे." आणि तिने चष्मा काढून पदराने पुसला.

बिरागोने हात दिला. तिचं दुकान मयताच्या कापडाचं. लाल, काळं, आणि पांढऱ्यावर काळी नक्षी. चौथा रंग दुकानात नाही. मेलेल्याचं वय आणि रडणाऱ्याचं नातं सांगा, बिरागो न विचारता बरोबर गठ्ठा ओढायची. पिकलं पान गळालं तर पांढऱ्यावर काळं, कारण भरपूर जगलेल्या माणसाला हसत निरोप द्यायचा असतो. लांबच्या नातलगाला नुसतं काळं. आणि लाल? लाल म्हणजे रक्ताचं माणूस, तेही वेळेआधी गेलेलं. बावीस वर्षांत कुमासीतल्या निम्म्या घरांचं रडणं तिच्या हातांनी वार लावून मोजलं होतं, आणि शनिवारी शहरभर अंत्यविधी सुरू झाले की रस्त्यातून जाताना ती कापडं ओळखायची, माणसं नाही.

यंत्राने सुस्कारा सोडला. फ्रेमाने आकडा बघितला. पुन्हा पट्टा फुगवला, पुन्हा बघितला.

"एकशे शहाण्णव. खालचा एकशे बारा."

"यंत्र बिघडलंय तुझं."

"यंत्र नवं आहे. गोळी घेतेस का रोज?"

"डोकं दुखलं की घेते. आज दुखत नाहीये. मग एकशे शहाण्णव कुठून येणार? काही तरी बोलतेस."

हा वाद दर सोमवारचा. बिरागोचं शास्त्र साधं होतं: बीपी चढलं की डोकं दुखतं, डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही. तिचं डोकं हेच तिचं यंत्र, आणि त्याला बॅटरीही लागत नाही. गोळ्यांची पट्टी ती कमरेच्या थैलीत ठेवायची आणि महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा, उघडायची. धडधाकट बाईने रोज गोळी खाणं म्हणजे पाऊस नसताना छत्री उघडून बसणं, असं तिचं म्हणणं, आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांनी ते उचलून धरलं होतं. फ्रेमा त्यावर दहा मिनिटं तरी तोंडसुख घ्यायची.

आज घेतलं नाही. आज तिने बिरागोचा हात नुसता धरून ठेवला आणि म्हणाली, "आत्ता एक गोळी घे. माझ्यासाठी घे. आणि आज लवकर घरी जा."

"दुखलं की घेईन."

"बरं," फ्रेमा म्हणाली, आणि न रागवता निघून गेली. ते बिरागोला कुठे तरी टोचलं. चष्मा पुसलेलाही तिने पाहिला होता. फ्रेमा खोटं बोलताना चष्मा पुसते हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हरमाटनचे दिवस होते. उत्तरेकडून कोरडा वारा सुटलेला, हवेत पिठासारखी धूळ, ओठ फुटलेले. बिरागोने पाण्याची पिशवी दाताने फोडली आणि दोन घोट घेते न घेते तोच शेजारची अट्टा, मणी विकणारी, स्टूल सरकवत जवळ आली. पोटात गोष्ट ठेवायची म्हणजे अट्टाचं पोट दुखायचं.

"एक विचारू? रागवू नकोस. तुझं आणि तुझ्या दादाचं काही बिनसलंय का?"

"बेदियाकोदादाचं? छे. रविवारीच फूफू खाऊन गेलाय माझ्याकडे. दोनदा रस्सा वाढून घेतला."

"नाही, मग... जाऊ दे."

"अट्टा, बोल."

"सकाळी पलीकडच्या गल्लीत होता. सेरवाच्या दुकानात. मी म्हटलं, स्वतःच्या बहिणीचं दुकान सोडून हा त्या सटवीकडून कापड का घेतोय?"

"कसलं कापड?"

अट्टाच्या तेव्हा लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. पण तोंडातून सुटलेलं परत गिळता येत नाही. "लाल," ती म्हणाली. "बारा वार."

बिरागोने हातातली पाण्याची पिशवी खाली ठेवली आणि ती कलंडून पाणी कापडाखाली गेलं तरी तिला कळलं नाही.

बेदियाको कुळाचा कर्ता होता. कुळात कुणी गेलं की कापड तो घेतो, आणि बावीस वर्षं बिरागोकडूनच घेतो. आज तिला चुकवून घेतलं. म्हणजे गेलेलं माणूस असं होतं की बिरागोला कळता कामा नये. आणि लाल. बिरागो हिशेबाला पक्की होती, तिने तिथल्या तिथे माणसं मोजली. आई अठ्ठ्याऐंशीची, ती गेली असती तर पांढऱ्यावर काळं. लांबचं कुणी असतं तर सहा वार काळं घेऊन दादा मोकळा झाला असता. अशांटी लोकांत कूळ आईकडून चालतं, म्हणून दादाची पोरं त्यांच्या आईच्या कुळातली, त्यांच्यासाठी कापड त्यांचे मामा घेतील. मग आईच्या वंशातलं कोण उरलं? दादा स्वतः, तो कापड घेत हिंडतोय. मी आणि पोमा. धाकट्या बहिणीला ती कायम स्वतःबरोबरच मोजायची, 'मी आणि पोमा' असं एका दमात, त्यामुळे स्वतःला धडधाकट बघून तिने दोघींवर खूण केली आणि पुढे गेली. पोमाला मूलबाळ नव्हतं. उरला एक. तिचा एकुलता एक मुलगा. ओफोरी.

ओफोरी सव्वीस वर्षांचा होता आणि ट्रक चालवायचा. मंगळवारी टेचिमानला रताळी भरायला गेला होता. टेचिमानच्या रस्त्यावर काय काय होतं हे कुमासीत कुणाला सांगावं लागत नाही.

तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिसऱ्यांदा भलताच नंबर लागला आणि कुणीतरी रखवालदार तिच्यावर ओरडला.

मग तिने पोमाला लावला. घाबरली की ती पोमालाच लावायची, लहानपणापासून अंधारात पोमाचाच हात शोधायची. पोमा ओबुआसीच्या टॅक्सीतळावर पिकली केळी तळायची, आणि तिच्याइतकं हसणारं माणूस साऱ्या खाणगावात नव्हतं. गेल्या जूनमध्ये तिच्या चर्चमध्ये कुणी डॉक्टर येऊन सगळ्यांचं बीपी बघून गेले, तर पोमाचं एकशे ऐंशी. तेव्हाही फोनवर हसत सुटली होती: "ताई, यंत्र म्हणतंय मी तुझी सख्खी बहीण आहे!" बिरागोने तिला सांगितलं होतं, दवाखान्याच्या रांगेत दिवस घालवू नकोस, मी माझ्यातली एक पट्टी ओफोरीबरोबर पाठवते. आणि पाठवली होती.

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. तळणात असेल, बिरागोने मनाशी म्हटलं. तेल चरचरत असलं की पोमाला ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती. बिरागोला ट्रक दिसला, खड्ड्यात तोंड खुपसलेला. रताळी दिसली, रस्त्यावर पसरलेली. लोक रताळी उचलून नेताहेत आणि ओफोरीकडे कुणी बघत नाही, हेही दिसलं. तिच्या कानात घूं असा आवाज सुरू झाला. डोकं मात्र दुखत नव्हतं.

आणि आता आपल्याला कुणी काही सांगणार नाही, हे तिला ठाऊक होतं. गेल्या वर्षी शेजारचा म्हातारा गेल्याची बातमी ऐकून ती अंगणात चक्कर येऊन पडली होती. खरं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं, उपाशी होती. पण घरच्यांनी चक्कर येण्याचं खापर त्या बातमीवर आणि बीपीवर फोडलं आणि त्या दिवसापासून घरात नियम झाला, बिरागोला काही सांगायचं नाही. कोंबडी चोरीला गेली, सांगितलं नाही. चर्चच्या पाळकाचा पाय मोडला, सांगितलं नाही. तो लंगडत समोर आला तेव्हा कळलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. गोळी घे म्हणून मागे लागायचं सोडून सगळे तिच्यासमोर गोड हसत बसायचे. त्यामुळे झालं असं की कुणी गोड हसलं की बिरागो समजायची, काही तरी वाईट घडलंय.

दीडच्या सुमाराला बेदियाको आला, आणि तो हसत होता.

"काय म्हणतेस, बिरागो? धंदा बरा आहे ना? सहजच आलो."

टाफोतल्या घरून केजेतियापर्यंत, गुरुवारी दुपारी, ह्या धुळीत, गुडघे धरून चालणारा माणूस सहज येतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत बिरागोला नवी नव्हती. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठ पांढरे पडलेले, घसा घोगरा, कपाळावर घामात कालवलेली लाल धूळ. आणि बोटातली अंगठी नव्हती. कुळाचा कर्ता अंगठी कधी काढतो हे मयताचं कापड विकणारीला विचारू नये.

तिने स्टूल पुढे केलं. मग पाण्याच्या बाटलीतून मोठा पेला भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरला.

"पाणी घे, दादा."

बेदियाको पेल्याकडे बघत राहिला.

अशांटी माणूस दारात आलेल्याला आधी बसवतो, मग पाणी देतो. पाहुणा पाणी प्याला की घरधनी म्हणतो, इथे सगळं शांत आहे, वाट तुम्ही चालून आलात. म्हणजे, आता येण्याचं कारण सांगा. मग सांगावं लागतं. आणि पाणी पिऊन खोटं सांगायचं नसतं; ते पाणी पोटात फिरतं म्हणतात, पूर्वज ऐकत असतात म्हणतात. बेदियाको तर कुळाचा कर्ता. दुसऱ्यांना ही रीत शिकवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं.

"नको," तो म्हणाला. "पाणी नको, बिरागो. तहान नाही."

"तुझे ओठ फुटलेत."

"वाटेत प्यालो."

"मग एक घोट घे. रीत म्हणून."

"अगं, नको म्हटलं ना!" तो एकदम खेकसला, आणि लगेच पुन्हा हसला. ते हसू बघून बिरागोच्या तोंडचं पाणी पळालं. "दुकान बंद कर. घरी जाऊ. तुला जरा आराम पाहिजे."

"दादा, ओफोरी कुठे आहे?"

"टेचिमानला. कुठे असणार?"

"हे पाणी पिऊन सांग."

बेदियाकोने मान फिरवली आणि समोरच्या लाल गठ्ठ्याकडे बघायला लागला. मग तिथूनही नजर काढून घेतली.

बिरागोने पेला खाली ठेवला. तिला ओरडायचं होतं. पण ओरडले आणि खरं निघालं तर? जोवर कुणी बोललेलं नाही तोवर ओफोरी टेचिमानच्या रस्त्यावर कुठेतरी आहे, शिट्टी वाजवत, एक हात खिडकीबाहेर टाकून. ती मुकाट्याने उठली, कापडावर ताडपत्री ओढली आणि भावाच्या मागून चालायला लागली. भीतीने माणूस इतका शहाणा होतो.

तिच्या बांतामातल्या घराकडे टॅक्सी निघाली. चालकाने कसलंसं हसरं गाणं लावलं होतं. बेदियाको दोनदा खोकला, कोरडा, खरखरीत. बिरागोने मांडीवर धरलेली बाटली त्याच्या बाजूला सरकवली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. ती पोमाला फोन लावत राहिली, आणि फोन वाजत राहिला.

घराच्या अंगणात माणसं होती. कुळातली दोन म्हातारी माणसं भिंतीला टेकून, पाळकाची बायको बाकावर, आणि कोपऱ्यात, मांडीवर यंत्राची पिशवी घेऊन, फ्रेमा. बिरागो आत आली तशी सगळी हसली.

"ये, बाई, ये," एक म्हातारा म्हणाला. "आम्ही सहजच."

सगळेच आज सहज होते.

बिरागो बसली नाही. ती सरळ आत गेली, माठातून तांब्या भरला, पेला घेतला आणि बाहेर आली. पहिला पेला थोरल्या म्हाताऱ्यासमोर धरला.

"नको, बाई. आत्ताच घेतलं."

दुसऱ्यासमोर धरला. "पोट भरलंय."

"पाण्याने?"

"हो ना," म्हातारा म्हणाला आणि ओशाळला.

पाळकाच्या बायकोने तर डोळे मिटून प्रार्थनाच सुरू केली. फ्रेमाने मात्र डोळे मिटले नाहीत. "माझ्यापुढे धरू नकोस," ती म्हणाली. "मी पिईन आणि बोलेन. पण बोलायचा मान माझा नाही. बेदियाको, मी तुला सकाळीच सांगितलं, सांगून टाक. बातमीने मरेल न मरेल, ह्या हसण्याने नक्की मरेल ती."

"रविवारी," बेदियाको घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चर्चनंतर. ठरलंय."

"काय ठरलंय?" बिरागो म्हणाली. "कुणाचं ठरलंय?"

हरमाटनच्या धुळीत पाच माणसं रोजे धरल्यासारखी कोरड्या तोंडाने बसली होती आणि मधोमध बिरागो भरलेला पेला घेऊन उभी होती. पाणी काठावरून मनगटावर ओघळत होतं. कानातली घूं आता इतकी वाढली की रस्त्यावरचं काही ऐकू येईना. तिला वाटलं, मी आत्ता इथे पडणार, आणि पोराचं काय झालं ते न कळताच मरणार. ह्यासारखी भीती तिने आजवर अनुभवली नव्हती. बाळंतपणात नाही, नवरा गेला तेव्हाही नाही.

"माझं एकच आहे रे, दादा," ती म्हणाली. "एकच."

तेवढ्यात फाटक वाजलं.

आत आला तो डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या मातीने माखलेला, डोळे सुजलेले, सदरा पाठीला चिकटलेला. बिरागोने त्याला आधी ओळखलंच नाही. मग तो "आई" म्हणाला.

ओफोरी. चालत आलेला, दोन पायांवर, श्वास घेत असलेला ओफोरी.

ती त्याच्यापाशी गेली आणि मोकळ्या हाताने त्याचं तोंड, कान, खांदे चाचपायला लागली, बाजारात कापड चाचपतात तसं, कुठे फाटलंय का ते बघत. आणि त्याला दिसला तो तिच्या दुसऱ्या हातातला पेला. सकाळपासून ट्रक चालवलेला, धूळ गिळलेला पोरगा. त्याने तो पेला घेतला आणि तोंडाला लावला.

"अरे, थांब!" बेदियाको ओरडत उठला.

पण ओफोरीचा कंठ वरखाली होत होता. पेला रिकामा झाला. त्याने मनगटाने तोंड पुसलं आणि मग त्याला मामाचा चेहरा दिसला, म्हाताऱ्यांचे चेहरे दिसले, आणि आपल्या हातातला रिकामा पेला दिसला. तो पेला त्याने हळूच बाकावर ठेवला, फुटेल की काय अशा बेताने.

बिरागो हसत होती. रडतही होती. पोरगा जिवंत होता, आता जगात काही का होईना. तिने सगळ्यांकडे पाहिलं, ह्यांनीही आता खरंखुरं हसावं म्हणून. कुणी हसत नव्हतं. आणि तेव्हा तिला ते लाल कापड पुन्हा आठवलं. बारा वार. ते काही परत गेलं नव्हतं.

तिचं हसू थांबलं. विचारू नये, असं तिला फार वाटलं. पण पाणी पिऊन झालं होतं, आणि दारात उभा राहिलेला माणूस आपलाच पोरगा असला तरी रीत ती रीत.

"इथे सगळं शांत आहे," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "वाट तू चालून आलास."

ओफोरीने मामाकडे पाहिलं. बेदियाकोने मान खाली घातली.

"मी ओबुआसीहून आलो, आई."

"तू टेचिमानला गेला होतास."

"मामाचा फोन आला काल. मग तिकडे वळलो. मामाने सांगितलं म्हणून फोन बंद ठेवला. धाकट्या आईला..." त्याला पुढचं जमेना. तो पोमाला धाकटी आई म्हणायचा. "धाकट्या आईला शवागारात पोचवून आलो."

"पोमा तळणात आहे," बिरागो म्हणाली. "मी फोन लावतेय सकाळपासून. वाजतोय ना फोन. ती तळणात असली की उचलत नाही."

ओफोरीने खिशात हात घातला आणि पोमाचा फोन काढला, मागे फुलांचं चित्र असलेला. "माझ्या खिशात वाजत होता," तो म्हणाला. "वाटभर वाजत होता, आई. मला उचलवेना."

बिरागो खाली बसली. पडली नाही, बसली. फ्रेमा तिच्यापाशी आली आणि तिच्या दंडाला पट्टा गुंडाळायला लागली, तिने गुंडाळू दिला.

"कशी रे," बिरागोने ओफोरीला विचारलं. "कशी गेली?"

"काल सकाळी. शेजारच्या बाई सांगत होत्या, केळी सोलता सोलता म्हणाली, 'आज मात्र दुखतंय बरं का डोकं.' आणि हसली. मग पर्स उघडली, आणि पर्सवरच पालथी पडली." ओफोरीने दुसऱ्या खिशातून काहीतरी काढलं. "हे तिच्या मुठीत होतं."

गोळ्यांची पट्टी होती. दहाच्या दहा गोळ्या तशाच. पाठीला एक चिठ्ठी चिकटवलेली, कापडाच्या गठ्ठ्याला चिकटवतात तसली.

फ्रेमाने पट्टी हातात घेतली आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. "डोकं दुखलं तरच." ती उसळलीच. "जूनपासून! सात महिने! कुण्या गाढवाने हे लिहून दिलं तिला? ज्याने कुणी..." आणि ती थांबली. तिने चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून बसली.

यंत्राने सुस्कारा सोडला. फ्रेमाने आकडा पाहिला आणि कुणाला सांगितला नाही.

"डोकं दुखतंय का, आई?" ओफोरीने घाबरून विचारलं.

"नाही," बिरागो म्हणाली. "मुळीच नाही."

तिने फ्रेमाच्या हातातून ती पट्टी घेतली. अंगठ्याने दाबून एक गोळी बाहेर काढली. तळहातावर ती मुगाएवढी दिसत होती.

"दादा, पाणी दे."

बेदियाको पुढे आला. त्याने तांब्यातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी बहिणीसमोर धरला. बिरागोने गोळी जिभेवर ठेवली आणि पेला तळापर्यंत रिकामा केला.

तिला कुणी काही विचारलं नाही. पाणी प्यायल्यावर काय करायचं असतं, हे त्या अंगणात सगळ्यांनाच माहीत होतं. तिने पेला खाली ठेवला आणि भावाकडे पाहिलं.

"ती चिठ्ठी माझी आहे," ती म्हणाली. "मी लिहिलंय ते."